झिंगराजींचा मुलगा



नाताळची तयारी ऐन भरात आलेली असते, घरोघरी फराळाचे डबे भरत असतात आणि त्याच दिवसांत आपल्या वऱ्हाडात एक पुण्यतिथी येते. २० डिसेंबरला गावोगावी संत गाडगेबाबांचे स्मरण केले जाते. शाळेतील मुले खराटे घेऊन रस्त्यावर उतरतात, चौकात फोटोला हार घातला जातो. आपल्या वाशिम जिल्ह्यातील मुले-मुली ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, त्या अमरावतीच्या विद्यापीठालाही बाबांचेच नाव आहे. गाडगेबाबा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खराटा येतो आणि ते योग्यच आहे. परंतु या रविवारी आम्ही त्यांच्या चरित्रातील एका वेगळ्याच धाग्याविषयी लिहिणार आहोत. तो धागा त्यांच्या जन्मघरापासून सुरू होतो आणि आपल्यापैकी काही घरांपर्यंत येऊन पोहोचतो. तो धागा आहे दारूचा.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जाणोरकर आणि सखुबाई या परीट दांपत्याच्या पोटी एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव डेबूजी. झिंगराजी हे काही वाईट मनुष्य नव्हते. कष्ट करणारे होते, बायको-मुलावर प्रेम करणारे होते. पण त्या काळी जातीतील प्रत्येक कार्याला, मग ते लग्न असो, बारसे असो की मयत असो, बोकड आणि दारू लागत असे. देवाच्या नावाने कंदुरी करायची आणि पंगतीत बाटली फिरवायची हा रिवाजच होता. नाही म्हणणारा मनुष्य जातीचा अपमान करतो असे समजले जाई. झिंगराजी पंगतीत बसले, आधी इतरांसाठी प्याले, मग स्वतःसाठी पिऊ लागले. पुढे पंगतीची गरज उरली नाही. घरातील किडूकमिडूक गेले, अंगातील बळ गेले आणि शेवटी त्यांनी अंथरूण धरले.

चरित्रकार सांगतात की अखेरच्या दिवसांत झिंगराजींना सगळे उमगले होते. आपल्या हाताने आपण संसाराची राख केली हे त्यांनी बायकोजवळ कबूल केले आणि या मुलाला तरी दारूपासून आणि बोकड मागणाऱ्या देवांपासून दूर ठेव असे विनवून त्यांनी डोळे मिटले. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. आपण दारुड्या माणसाविषयी बोलताना सहज म्हणतो की त्याला समजत नाही. झिंगराजींना समजत होते. समजत असूनही त्यांना थांबता आले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही सॉक्रेटिसचे एक मत वाचले होते. ज्याला चांगले काय ते खरोखर कळते तो वाईट करूच शकत नाही, असे त्याचे म्हणणे. ॲरिस्टॉटलला ते पटले नाही. चांगले काय ते जाणूनही मनुष्य त्याच्या उलट वागतो, हे रोज दिसते आणि त्याचा विचार केला पाहिजे, असे त्याने मांडले. संत पौलानेही रोमकरांस लिहिताना स्वतःच्या बाबतीत हीच कबुली दिली आहे. परीक्षेसाठी हे सारे आम्ही पाठ केले होते. त्याचा अर्थ आम्हाला फार पुढे, आपल्याच धर्मग्रामातील एका बांधवाने शिकवला. त्याविषयी शेवटी सांगू.

झिंगराजी गेल्यावर सखुबाईंना सासरी आधार राहिला नाही. त्या मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आल्या. आपल्या कारंजावरून मूर्तिजापूरला जाणाऱ्यांना हा मुलूख परका नाही. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभानजी यांनी मायलेकांना आसरा दिला. डेबू गुरे राखू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. नांगर, वखर, पेरणी, काढणी, सगळी कामे तो शिकला आणि त्यात तरबेज झाला. संध्याकाळी गुराख्यांना जमवून भजन करायचे हा त्याचा छंद. जेवताना जातपात पाहायची नाही हे त्याने लहानपणीच ठरवून टाकले होते. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला.

मामांच्या घरीही संकट आलेच. सावकाराने कागदावर अंगठे घेऊन शेत घशात घातले. त्या धक्क्याने मामा खचले आणि गेले. डेबूजी मात्र त्या सावकारापुढे शेतात उभे राहिले. लिहिता-वाचता न येणाऱ्याला कोणीही फसवतो हा धडा त्यांनी तेथे घेतला. पुढे आयुष्यभर ते लोकांना सांगत राहिले की भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला आणि कर्ज काढून सण करू नका. दारू, कर्ज आणि निरक्षरता या तीन दोऱ्या एकमेकींत कशा पिळलेल्या असतात हे त्यांनी घरात भोगून पाहिले होते.

मग तो प्रसंग आला. डेबूजींना मुलगी झाली. बारशाला नातलग आणि जातभाई जमले. रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू येईल म्हणून सगळे पानावर बसले. पानात आले गोडधोड. दारूचा थेंब नव्हता, बोकड कापलेला नव्हता. पंगतीत कुजबुज झाली, मग राग उसळला. जातीचा रिवाज मोडला, आमचा अपमान केला, असा गिल्ला झाला. डेबूजी हात जोडून उभे राहिले, पण आपल्या निर्णयापासून ढळले नाहीत.

ही घटना आज वाचायला सोपी वाटते. पण विचार करा, आजही आपल्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री किंवा पोळ्याच्या करीला चार मित्रांत बसून नाही म्हणणे किती कठीण जाते. झिंगराजींच्या मुलाने ज्या पंगतीने बापाला गिळले त्याच पंगतीत उभे राहून ती बदलली. त्यांनी बापाला दोष दिला नाही, पंगत बदलली. हे वेगळेपण आपण लक्षात ठेवावे असे आम्हाला वाटते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. वय एकोणतीसच्या आसपास. मागे म्हातारी आई, पत्नी आणि लहान मुले होती. त्या माउलींनी काय सोसले असेल याचा विचार केल्याशिवाय हे वाक्य आपण लिहू नये. पुढची बारा वर्षे ते भटकत राहिले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि एक मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, गटार उपसायचे आणि कोणी भाकर दिली तर खायची. भाकरीआधी काम, हा त्यांचा नियम होता.

दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसे. त्यांचे कीर्तन शास्त्री-पंडितांसारखे नव्हते. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोक एका आवाजात उत्तर द्यायचे. हळूहळू उत्तर देणाऱ्याच्या ध्यानात यायचे की आपण आपल्याच विरुद्ध साक्ष दिली आहे. दारू पिऊ नका, सावकाराचे कर्ज घेऊ नका, देवापुढे मुकी जनावरे कापू नका, शिवाशीव पाळू नका, हुंडा देऊ-घेऊ नका, मुलांना शिकवा. विषय तेच असत, पण ऐकणारा कंटाळत नसे, कारण बोलणारा त्याच्याच शेतातून, त्याच्याच चिखलातून उठून आलेला होता. दारूवर ते बोलत तेव्हा त्यामागे झिंगराजींचे अंथरूण असे. कोणाला पाया पडू दिले नाही, कोणाला शिष्य केले नाही.

त्यांच्या हातून उभी राहिलेली कामे मोजायला बसलो तर हे पान पुरणार नाही. पूर्णा नदीवरील ऋणमोचन येथील घाट, मूर्तिजापूरचे गोरक्षण, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, नाशिक, आळंदी आणि देहूच्या धर्मशाळा, मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरिबांसाठीचा निवारा, आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नछत्रे, मुलांसाठी वसतिगृहे. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर गोळा झाले आणि त्यांतला पैसाही त्यांनी स्वतःच्या संसाराला लावला नाही. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद गेला. ही बातमी कोकणात खारेपाटणच्या मुक्कामी कीर्तन चालू असताना आली आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही, असे सांगतात.

शेवटच्या वर्षांत शरीर थकले होते. तरीही नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी कीर्तन केले. ते ध्वनिमुद्रित झाल्यामुळे त्यांचा आवाज आजही ऐकायला मिळतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी प्राण सोडला. अमरावतीला त्यांची समाधी आहे.

बंधू-भगिनींनो, चरित्र येथे संपते. परंतु आमच्या मनात एक प्रश्न उरतो. बाबांच्या कीर्तनाने किती तरुणांना पहिल्या घोटापासून वाचवले असेल! पण जो आधीच बुडाला आहे त्याचे काय? समजा, झिंगराजी जिवंत असते आणि मुलाच्या कीर्तनात मागच्या रांगेत येऊन बसले असते. दारू वाईट हे त्यांना मुलाइतकेच माहीत होते. त्यांनी मान डोलावली असती, डोळे पुसले असते आणि घरी जाताना पाय पुन्हा त्याच वाटेने वळले असते. झिंगराजींना उपदेशाची उणीव नव्हती. त्यांना उणीव होती ती अशा एका माणसाची, जो त्यांच्याजवळ बसून सांगेल की मीही असाच होतो, माझेही हात सकाळी असेच कापत होते आणि आज मी प्यालेलो नाही.

असा माणूस मिळण्याची सोय जगात कशी सुरू झाली तेही थोडक्यात सांगतो. बाबांच्या हयातीतच, मे १९३५ मध्ये, अमेरिकेतील अक्रन या शहरात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटाच येरझाऱ्या घालत होता. धंद्यातील बोलणी फिसकटली होती. पाच महिने त्याने दारूला शिवलेले नव्हते. एका बाजूला बारमधून हसण्या-खिदळण्याचे आवाज येत होते, दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि तेथे शहरातील चर्चेसची यादी लावलेली होती. आपण आता दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो नाही तर पुन्हा पिऊ, हे त्याला जाणवले. त्याने यादीतील एका धर्मगुरूला फोन केला. ते अँग्लिकन परंपरेतील पाळक होते, वॉल्टर टंक्स त्यांचे नाव. त्यांनी फोन ठेवून दिला नाही, पुढची नावे दिली. त्या नावांतून एक बाई भेटल्या आणि त्यांनी डॉ. बॉब स्मिथ नावाच्या, दारूने हात थरथरणाऱ्या एका शल्यचिकित्सकाला दुसऱ्या दिवशी आपल्या घरी बोलावले. डॉक्टर पंधराच मिनिटे बसणार म्हणून आले आणि कित्येक तास बोलत राहिले. कारण पहिल्यांदाच समोरचा माणूस त्यांना सुधारायला आलेला नव्हता, स्वतःचा जीव वाचवायला आलेला होता. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे ए.ए. म्हणतात, त्या संघटनेचा तो जन्मदिवस मानतात.

आपल्या ख्रिस्तसभेचाही त्यात वाटा आहे. अक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ पासून डॉ. बॉब यांच्याबरोबर हजारो दारुड्यांची सेवा केली, त्या काळी इतर रुग्णालये अशा रोग्यांना दारातही उभे करत नसत. फादर एडवर्ड डाउलिंग हे येशूसंघीय धर्मगुरू बिल यांचे अखेरपर्यंत आध्यात्मिक मित्र राहिले. १९५७ साली ही चळवळ मुंबईत सुरू झाली. १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याला कृपा फाउंडेशन स्थापन केले, तर १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई त्यामागे उभे राहिले. आज मराठीतून चालणाऱ्या ए.ए.च्या सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भरतात.

आता आम्हाला आमची एक चूक कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी चाळीसाकाळातील एका रविवारी आम्ही दारूवर प्रवचन केले. आवाज चढवून केले. समोर बसलेल्या भगिनींच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होते आणि आम्हालाही प्रवचन छान झाल्यासारखे वाटले. पुढच्या रविवारी एक बांधव मिस्साला दिसला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याची पत्नी मुलांना घेऊन येत राहिली आणि लवकर निघून जात राहिली. पंगत सोडून आम्ही माणसालाच झोडपले होते आणि आपण गाडगेबाबांसारखे बोललो असा आमचा गैरसमज झाला होता.

सोयाबीनची सोंगणी झाली, तेव्हा एके दिवशी दिवेलागणीला तो बांधव धर्मगुरूंच्या घरी आला. बसला नाही. दारातच उभे राहून त्याने विचारले की फादर, अशी कुठे मंडळी जमतात म्हणतात, ते खरे आहे का? आम्हाला ठाऊक नव्हते. ज्याने चाळीस मिनिटे दारूवर प्रवचन केले होते त्याला एवढी साधी गोष्ट ठाऊक नव्हती! त्या रात्री आम्ही दोन-तीन ओळखीच्या धर्मगुरूंना फोन केले. त्यांच्यामार्फत शेजारच्या जिल्ह्यातील एका शहरात भरणाऱ्या सभेचा पत्ता आणि वेळ मिळाली. त्याआधी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. हे मुद्दाम लिहितो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर थरकाप, झटके, भास होऊ शकतात आणि जीवावरही बेतू शकते. म्हणून आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा, घरात कोंडून ठेवून दारू सोडवण्याचा प्रयत्न करू नये.

मग शनिवारी आम्ही दोघे एस.टी.ने निघालो. वाटेत तो दोनदा म्हणाला की उतरून परत जाऊ. सभेची जागा म्हणजे एका शाळेची खोली होती. बाकांवर पंधरा-वीस माणसे बसलेली. कोणी मास्तर, कोणी ड्रायव्हर, कोणी शेतकरी. चहाची किटली होती. त्या दिवशी खुली सभा होती, म्हणजे घरच्यांना आणि आमच्यासारख्यांनाही बसता येत होते. बंद सभेत फक्त दारूचा त्रास असलेल्यांनाच प्रवेश असतो. एकाने सभा चालवली. प्रत्येकाने फक्त आपले पहिले नाव सांगितले, आडनाव नाही, गाव नाही, जात नाही. मग ज्याला वाटले तो स्वतःविषयी बोलला. मध्ये कोणी बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही, कोणी वाद घालत नाही. फी नाही, नोंदवहीत सही नाही. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने काही टाकावे. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. आयुष्यभराची शपथही तेथे कोणी घेत नाही. आजचे चोवीस तास प्यायचे नाही, एवढेच. उद्याचे उद्या.

तेथे जे ऐकले ते तेथेच ठेवायचे असा नियम आहे, म्हणून ते आम्ही लिहिणार नाही. स्वतःपुरते एवढेच सांगतो की दर रविवारी बोलणारे आम्ही दीड तास गप्प बसलो. आमच्याजवळ त्या खोलीत बोलण्यासारखे काही नव्हते आणि ते कळणे आमच्यासाठी फार आवश्यक होते. आमचा बांधवही त्या दिवशी बोलला नाही. तिसऱ्या सभेत बोलला, असे त्यानेच नंतर सांगितले. पुढच्या पोळ्याच्या करीला तो पुन्हा प्याला. चार दिवस घरी भांडणे झाली. पाचव्या दिवशी तो पुन्हा सभेला गेला. तेथे कोणी त्याला विचारले नाही की तू का प्यालास. खुर्ची सरकवून जागा करून दिली. आज तो पीत नाही. उद्याचे आम्हाला माहीत नाही आणि त्यालाही माहीत नाही. तो परत मिस्साला येतो, बहुधा शेवटच्या बाकावर बसतो. हे लिहिण्याआधी आम्ही त्याची परवानगी घेतली आहे.

आपल्या जिल्ह्यात अंतरे मोठी आहेत. मानोरा, रिसोड किंवा मालेगावकडच्या खेड्यातून संध्याकाळी सभेला जायचे आणि रात्रीच्या गाडीने परतायचे हे सोपे नाही. मजुरी बुडते, भाडे लागते. पण देशीच्या दुकानापर्यंतचे अंतर आपण रोज चालतोच, असे तो बांधव हसत म्हणतो. दूरच्यांसाठी व्यसनमुक्तीची १४४४६ ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा आहे, तेथेही विचारणा करता येते. आणि घरच्यांनी एक लक्षात ठेवावे. पिणाऱ्याच्या पत्नीसाठी, मुलांसाठी, आई-वडिलांसाठीही अशाच वेगळ्या सभा असतात. त्यांना अल-अनॉन म्हणतात आणि त्यांची सुरुवात १९५१ साली बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने झाली. नवरा पितो हा बायकोचा दोष नव्हे आणि त्याची बाटली लपवत, त्याची उधारी फेडत, त्याच्यासाठी खोटे बोलत राहणे हे तिचे कर्तव्यही नव्हे. सखुबाईंना हे सांगणारे कोणी नव्हते. आपल्या भगिनींना ते सांगायला आपण आहोत.

आम्हाला कधी कधी वाटते, शेंडगावात १८८० च्या सुमारास अशी एखादी खोली असती, चार माणसे, एक कंदील आणि झिंगराजींसाठी सरकवून दिलेली एक जागा, तर काय झाले असते? कदाचित डेबूला बाप मिळाला असता. कदाचित महाराष्ट्राला गाडगेबाबा मिळाले नसते. देवाचा हिशेब आपल्याला कळत नाही आणि तो जुळवण्याचा प्रयत्नही आम्ही करणार नाही. पण आपल्या धर्मग्रामातील आठ वर्षांच्या एखाद्या मुलाने संत होण्यासाठी आपला बाप गमवावा, असे कोणीही मागू नये.

म्हणून एक साधे निवेदन. नाताळनंतर आपल्या चर्चच्या मागची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. शेजारच्या जिल्ह्यातील त्या मंडळींनी येऊन सभा सुरू करून देण्याचे मान्य केले आहे. ती सभा चर्चची नसेल. कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही जातीच्या माणसाला तेथे येता येईल. आम्ही स्वतः आत बसणार नाही. फक्त कुलूप उघडून देऊ, बाके पुसून ठेवू आणि चहाचे दूध पाठवू. बाबांच्या पुण्यतिथीला खराटा हाती घ्यायचाच असेल तर यंदा ती खोली झाडून काढू या. २० तारखेला सकाळी मिस्सानंतर ज्यांना जमेल त्यांनी यावे. खराटे घरून आणावेत.

आणि ज्याला त्या खोलीत यायचे आहे, पण कोणाला विचारायचे ते कळत नाही, त्याने आमच्या दारावर थाप द्यावी. कितीही वाजले असोत. प्यालेला असला तरी चालेल. या वेळी आम्ही प्रवचन करणार नाही.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू